टाइमकीपरचा मुलगा

इंदुरात रिक्षावाल्याला 'मालवा मिल' म्हटलं की तो चौकात आणून सोडतो. गिरणी केव्हाच बंद पडली, नाव चौकाला चिकटून राहिलं. शंभर वर्षांपूर्वी या गिरणीत फिदा हुसेन नावाचे गृहस्थ टाइमकीपर होते. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, याची नोंद ठेवायची हे त्यांचं काम. माणूस मूळचा पंढरपूरचा, सुलेमानी बोहरा. पहिली बायको लवकर गेली, दुसरं लग्न झालं, पंढरपूर सोडून बिऱ्हाड इंदूरला आलं. पहिल्या बायकोचा एक मुलगा होता. आई गेली तेव्हा तो जेमतेम दीड-दोन वर्षांचा. नाव मकबूल.

हा मकबूल म्हणजे पुढचे मकबूल फिदा हुसेन. अनवाणी फिरणारे, हातात लांब ब्रश घेतलेले, कोट्यवधींच्या भावात विकले जाणारे आणि अखेर देशाबाहेर मरण पावलेले. त्या हुसेनांवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे, बरंचसं रागाने, थोडंफार प्रेमाने. मला लिहायचंय ते इंदूरच्या पोराबद्दल. आईविना वाढलेल्या, कुणाच्या फारशा खिजगणतीत नसलेल्या या मुलाला कुणी, कुठे आणि कसं शिकवलं? त्याचं उत्तर रानीपुरा, सराफा आणि देवळालीकर मास्तरांची चित्रशाळा एवढ्या टापूत सापडतं. आणि या उत्तरात मराठी इंदूरचा वाटा मोठा आहे, जो इंदूरकर मराठी माणूसही हल्ली फारसा सांगत नाही.

आधी एक सावधगिरी. या बालपणाची बहुतेक हकिकत आपल्याला कळते ती खुद्द हुसेनांकडूनच. म्हातारपणी त्यांनी आपली कहाणी सांगितली, ती हिंदीत पुस्तकरूपाने आली. त्यात ते स्वतःला 'मी' म्हणत नाहीत. 'मकबूल' म्हणतात, 'लडका' म्हणतात, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसे. सांगणारा पक्का गोष्टीवेल्हाळ. स्वतःची दंतकथा कशी घडवायची हे त्यांच्याइतकं त्यांच्या पिढीतल्या दुसऱ्या भारतीय चित्रकाराला कळलं नाही. जन्मतारीख १७ सप्टेंबर १९१५ अशी सगळीकडे छापली जाते, पण तीही बिनवादाची नाही. तेव्हा प्रत्येक प्रसंग तंतोतंत घडलाच असेल असं मी धरून चालत नाही. पण नव्वदीकडे झुकलेला, जगभर गाजलेला माणूस आपल्या लहानपणातून नेमकं काय वेचून ठेवतो, हाही पुरावाच असतो.

त्याने वेचून ठेवला तो सर्वात आधी आजोबा. अब्दुल त्यांचं नाव. पत्र्याचं काम, कंदील-दिवे बनवायचं, दुरुस्त करायचं. बाप गिरणीत, घरात सावत्र आई आणि तिची वाढती मुलं. मकबूल आजोबांचं बोट धरून वाढला. हुसेनांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणारा कंदील आणि छत्री कुठून आली, असं विचारलं की ते आजोबांकडे बोट दाखवत. १९५६ सालचं त्यांचं 'बिटविन द स्पायडर अँड द लॅम्प' हे गाजलेलं चित्र घ्या. समीक्षकांनी त्यातल्या दिव्याचे हवे तेवढे अर्थ काढले. मला त्यात इंदूरचा एक पत्र्याचा कारागीर दिसतो.

मग आजोबा वारले. मुलगा दिवसभर त्यांच्या खोलीत बसून राहू लागला. रात्री त्यांच्याच बिछान्यावर, त्यांचीच तपकिरी अचकन अंगावर ओढून झोपायचा. घरात कुणाशी बोलेना. हुसेन हे सांगताना सावत्र आईविरुद्ध एक शब्द काढत नाहीत, बापाविरुद्धही नाही. मारहाण नाही, उपासमार नाही. हेळसांडीची बरीचशी बालपणं अशीच असतात. पोराकडे बघायची पाळी घरात कुणाचीच नसते, एवढंच. जो एक जण बघत होता तो गेला, की घर भरलेलं असूनही पोर एकटं पडतं.

बापाने यावर उपाय काढला तो बोर्डिंगचा. मुलाला बडोद्याला धाडून दिलं, मुलांत राहील, शिकेल, गप्प बसणं सुटेल म्हणून. आजच्या समुपदेशकाला हा उपाय पसंत पडणार नाही. शोक करणाऱ्या मुलाला घराबाहेर काढणं म्हणजे जखमेवर मीठ, असं कुणीही म्हणेल. पण फिदा हुसेनांकडे दुसरं काय होतं? गिरणीच्या पगारात बसणारी, जमातीच्या आधाराने चालणारी शाळा होती, तिथे पाठवलं. देखरेख गांधीजींच्या अनुयायांची, त्यामुळे मुलांचं डोकं तासलेलं, अंगात खादी आणि डोक्यावर गांधी टोपी. या मुंडण केलेल्या पोरांत मकबूलला सवंगडी मिळाले. म्हातारपणीही त्यांतल्या एकेकाचा चेहरा, आवाज, लकब त्यांना लख्ख आठवत होती.

आणि तिथे एक चित्रकलेचे मास्तर भेटले, मोहम्मद अतहर. त्यांनी फळ्यावर खडूने मोठा पक्षी काढला आणि मुलांना पाट्यांवर उतरवायला सांगितला. मकबूलच्या पाटीवर तो पक्षी जसाच्या तसा उतरला. मास्तरांनी दहापैकी दहा दिले. गोष्ट संपली. एवढ्याशा प्रसंगाला कित्येक दशकांनी आत्मकथेत जागा मिळते, यावरून त्या दहा गुणांची किंमत ओळखावी.

बडोद्याहून मुलगा परत आला तो इंदुरात, रानीपुऱ्याच्या बाजारात. काका मुराद अली म्हणजे पैलवान गडी, आखाडा सोडलेला. फिदा हुसेनांनी भावाला दुकान घालून दिलं आणि सुट्टीत मुलाला गल्ल्यावर बसवलं. हेतू सरळ होता: पोरगा व्यापार शिकेल. दुकान चाललं नाही. मग कापडाचं घातलं, तेही बसलं. मग तोफखान्याच्या रस्त्यावर ऐटबाज हॉटेल काढलं, त्याचीही तीच गत. बाप हिशेबाचा माणूस, त्यामुळे प्रत्येक वेळी नवी वही. त्या वह्यांत जमाखर्चाच्या नोंदी कमी आणि पेन्सिलीची चित्रं जास्त होऊ लागली. घुंगट ओढून जाणारी मेहतराणी, गव्हाचं पोतं वाहणाऱ्या हमालाची पिळाची पगडी, पठाणाची दाढी आणि कपाळावरचा सजद्याचा डाग, बुरख्यातली बाई, शेळीचं करडू. दुकानासमोरून जो जाईल तो कागदावर.

आज रानीपुऱ्यात गेलं तर ठोक मालाची दुकानं, हातगाड्या आणि हमाल यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. पोतं पाठीवर घेऊन वाकलेला माणूस अजून दिसतो. मी तिथे उभा राहून हमालांकडे बघत होतो आणि दुकानदार माझ्याकडे संशयाने. तेव्हा लक्षात आलं, की गल्ल्यावर बसलेल्या पोराला एक मोठी सोय होती. दुकानदाराला रस्त्यावरच्या कुणाकडेही टक लावून बघायचा परवानाच असतो. चित्रकाराला दुसरं काय हवं असतं?

आता या गोष्टीतला सर्वात मराठी प्रसंग. मूकपटांचा जमाना. सिनेमाची जाहिरात टांग्यातून, बँड वाजवत, हँडबिलं वाटत गल्लीबोळांतून फिरायची. एक दिवस असाच टांगा दुकानासमोरून गेला आणि 'सिंहगड'चं पोस्टर मुलाच्या हाती लागलं: पतंगाच्या रंगीत कागदावर छापलेला, ढाल-तलवार पेललेला मराठा योद्धा. हुसेन ते चित्र शांतारामबापूंचं म्हणून सांगतात. पण मूकपटातला 'सिंहगड' कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, १९२३ सालचा, बाबूराव पेंटरांचा. शांताराम त्यात शेलारमामा झाले होते. पुढे १९३३ साली त्यांनी 'प्रभात'साठी त्याच नावाचा बोलपट काढला. आठवणीत दोन्ही मिसळले असावेत. मूकपटाचा असेल तर जास्तच गंमत आहे, कारण बाबूराव आडनावाला जागणारे खरेखुरे चित्रकार, सिनेमाची पोस्टरं करणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या लोकांपैकी. कोल्हापूरच्या एका रंगाऱ्याने पतंगी कागदावरून इंदूरच्या एका पोराला हाक दिली असं म्हणायचं.

हे चित्र तैलरंगात करायचं मकबूलने ठरवलं. पाण्याचे रंग कसेबसे जमत होते, तैलरंगाच्या नळ्या महाग. बापाकडे मागायची सोय नव्हती. मग त्याने शाळेची दोन पुस्तकं विकली. इतिहास आणि भूगोल असावीत, असं ते सांगतात. त्या पैशांत नळ्या आणल्या आणि काकाच्या दुकानात बसूनच पहिलं तैलचित्र रंगवलं. काका चिडले, भावाकडे तक्रार केली. फिदा हुसेनांनी चित्र पाहिलं आणि मुलाला पोटाशी धरलं.

शिक्षणाने माणूस कसा वर येतो याच्या कथा आपल्याकडे दरवर्षी निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतात. रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास, भाकरीचा तुकडा, नव्वद टक्के. त्या खऱ्या असतात आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण पुस्तकं विकून शिकलेल्या पोराला त्या साच्यात बसवता येत नाही. त्याच्या बाबतीत शिक्षण म्हणजे शाळा नव्हे. कुणीतरी जाणत्या माणसाने त्याचं काम नीट बघणं, हे त्याचं शिक्षण. अतहर मास्तरांनी पाटी बघितली. बापाने चित्र बघितलं. आणि तिसऱ्या माणसाने तर रस्त्यावरच बघितलं.

सराफ्याजवळ तांब्यापितळेच्या भांड्यांच्या दुकानांची गल्ली आहे. दिवसा तिथे भांड्यांचा खणखणाट असतो. शेजारच्या सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की भुट्ट्याचा कीस आणि गराडू खायला अख्खं इंदूर लोटतं. या गल्लीत मकबूल निसर्गचित्र करत होता, तिथेच एक तरुण जागेवर बसून चित्र रंगवताना त्याला दिसला. तो होता नारायण श्रीधर बेंद्रे, १९१० साली इंदुरातच जन्मलेला, मकबूलहून पाचेक वर्षांनी मोठा, होळकर कॉलेजात शिकलेला आणि चित्रकलेतही मुरत चाललेला. ओळख झाली, दोघं मिळून रंगवायला जाऊ लागले. त्या काळात बेंद्र्यांनी रंगवलेल्या 'वॅगबाँड' या चित्राला मुंबईच्या प्रदर्शनात रौप्यपदकही मिळालं.

पुढे मकबूलने बेंद्र्यांना घरी नेऊन बापासमोर बसवलं. विचार करा, गिरणीच्या टाइमकीपरच्या घरी एक ब्राह्मण तरुण येतो आणि सांगतो, तुमच्या मुलाला चित्रकार होऊ द्या. बापाने अख्खी हयात पोराला धंद्याला लावण्यासाठी दुकानांमागून दुकानं घातलेली. आणि तो ऐकतो. दुसऱ्याच दिवशी मुंबईला विन्सर अँड न्यूटनच्या तैलरंगाच्या नळ्या आणि कॅनव्हास मागवायची ऑर्डर जाते. मुलाला तो सांगतो तेही एवढंच, की जा, रंगव. इंदूर तेव्हा काही चित्रकारांना पोसणारं गाव नव्हतं. मुस्लिम मजूरवस्तीतल्या माणसाने असा निर्णय घेणं किती अवघड होतं, याची कल्पना आज मुलाला कला शाखेला घालताना चाचरणाऱ्या मध्यमवर्गीय बापांना तरी यायला हरकत नाही. माझ्या मते या सगळ्या कथेतलं सर्वात धीट पात्र फिदा हुसेन आहे.

बेंद्रे शिकले होते ते देवळालीकर मास्तरांकडे. दत्तात्रय दामोदर देवळालीकर. १९२७ साली होळकर संस्थानात चित्रशाळा सुरू झाली, इंदूर चित्रकला मंदिर, तिचे ते प्रमुख. विद्यार्थी इथे शिकायचे आणि परीक्षेला मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या पद्धतीने बसायचे. मास्तरांचा भर बाहेर पडण्यावर. नदीकाठच्या छत्र्या, घाट, बाजार, झाडांखालची ऊनसावली. माळव्याचं ऊन रुंद, मोकळ्या फटकाऱ्यांनी कागदावर उतरवायचं. 'इंदूर घराणं' म्हणावं अशी एक रीत त्यातून तयार झाली. बेंद्रे, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर ही या शाळेची मंडळी. चिंचाळकर पुढे इंदूरचे 'गुरुजी' झाले, वाळकी पानं, बिया, फुटकी भांडी यांतून चित्रं शोधणारे. मकबूल या शाळेच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागला.

संध्याकाळचा वर्ग ही साधी व्यवस्था या कथेत फार महत्त्वाची आहे. दिवसा पोट भरणाऱ्याला शिकता यावं म्हणून कुणीतरी दिवे लावून ठेवतो. तिथे मकबूलला शरीररचना, रेषेची शिस्त, मोजमाप मिळालं. हुसेनांची रेषा बघणाऱ्याला ती उपजत वाटते. तिच्यामागे इंदूरच्या त्या संध्याकाळी आहेत, आणि त्याआधी गुजरातेतल्या सिद्धपूरला मौलवींकडे गिरवलेली सुलेखनाची वळणंही आहेत.

त्या इंदूरचं चित्र आणखी थोडं रंगवायचा मोह आवरत नाही. त्याच सुमाराला, १९३० नंतर, महाराज यशवंतराव होळकर जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेत होते. युरोपातलं अत्याधुनिक फर्निचर येत होतं. शिल्पकार ब्रांकुशीचे 'बर्ड इन स्पेस' हे तीन पक्षी महाराजांनी घेतले, या पक्ष्यांसाठी मंदिर बांधायचं ठरत होतं. विसाव्या शतकातली सर्वात आधुनिक कला इंदुरात होती आणि गिरणीच्या टाइमकीपरच्या पोराला तिची दारं उघडण्याचा प्रश्नच नव्हता. १९३५ साली इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष होते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार आणि मोठे संग्राहक. इतकं सगळं या गावात होत होतं. मात्र मकबूलला घडवायला राजे उपयोगी पडले नाहीत. शंभर मुलांतल्या एकाची पाटी नीट बघणारे पगारी मास्तर उपयोगी पडले.

मुंबईचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून भरभर सांगतो. १९३७च्या सुमारास तो मुंबईत स्थिरावला. ग्रँट रोडच्या आसपास, कधी फुटपाथवर. सिनेमाची अजस्र होर्डिंगं, चौरस फुटाला आण्यांच्या दराने. १९४१ साली लग्न. मग एका फर्निचर कंपनीत नोकरी, मुलांच्या खोल्यांचं सामान आणि लाकडी खेळणी यांचे नमुने काढायचे. १९४७ साली चित्रकार सूझाने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, हुसेनांना त्यात ओढलं. १९५५ साली 'जमीन'ला ललित कला अकादमीचं राष्ट्रीय पारितोषिक.

त्या प्रोग्रेसिव्ह मंडळींत आणखी एक पोरका होता, के. एच. आरा. सिकंदराबादजवळच्या बोलारममध्ये १९१४ साली जन्म. तीन वर्षांचा असताना आई गेली, बापाने दुसरं लग्न केलं. सातव्या वर्षी पळून मुंबईला आला, गाड्या पुसल्या, साहेबाच्या घरी नोकर राहिला. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही गेला. त्याला ना अतहर मास्तर भेटले, ना चित्रकला मंदिर. रूडी फॉन लायडन या समीक्षकाने त्याचं काम पाहिलं तेव्हा तो जाणता झाला होता. आराने फुलं आणि वस्तुचित्रं अप्रतिम रंगवली, पण मानवाकृतीच्या रेखाटनात तो कच्चा आहे असा शेरा त्याला आयुष्यभर ऐकावा लागला. आईविना वाढणं दोघांच्याही वाट्याला आलं. फरक संध्याकाळच्या वर्गाचा होता.

हुसेनांनी बालपणावर 'मात' केली असं मी म्हणणार नाही. आईचं नाव झुनैब. तिचा एकही फोटो नाही, तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. मदर तेरेसांवरची त्यांची चित्रमालिका पाहा: निळ्या काठाची पांढरी साडी, मांडीवर मूल आणि जिथे चेहरा असायचा तिथे पोकळी. त्या चित्रांचं नातं आपल्या आईशी आहे, हे त्यांनीच सांगितलं. एका पंढरपुरी बाईचा न आठवणारा चेहरा कोलकात्याच्या मदरच्या पदराआडून ते शोधत राहिले. जग जिंकलेल्या, पद्मविभूषण मिळालेल्या माणसाच्या हातून ती जागा भरली गेली नाही, आणि त्यांनी ती भरल्याचा आवही आणला नाही.

उत्तरार्धाबद्दल मौन पाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९९६ नंतर देवतांच्या चित्रांवरून वाद पेटला, देशभर फिर्यादी झाल्या. त्या फिर्यादींच्या गावांत पंढरपूर होतं आणि इंदूरही. जन्मगाव आणि शिक्षणगाव, दोन्हीकडून समन्स. २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या कारवाया रद्द ठरवल्या, पण तोवर हुसेन देश सोडून गेले होते. २०१० साली कतारचं नागरिकत्व, ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये मृत्यू. ज्यांना त्या चित्रांनी दुखावलं त्यांचं दुखणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण विठोबाच्या गावात जन्मलेल्या, 'सिंहगड'च्या मावळ्यावर पहिला तैलरंग लावलेल्या आणि देवळालीकरांच्या हाताखाली घडलेल्या माणसाला परका ठरवताना आपण आपल्याच एका शाळेच्या नावावर काट मारली.

शाळा टिकली. रूप बदलून ती सरकारी ललित कला संस्था झाली. इंदुरातल्या एका कलादालनाला देवळालीकरांचं नाव आहे आणि तिथे गावातल्या नव्या चित्रकारांची प्रदर्शनं लागतात. आणि हुसेनांच्या आत्मकथेतला बडोद्याचा आणि रानीपुऱ्याचा भाग एनसीईआरटीच्या अकरावीच्या हिंदी पुस्तकात धडा म्हणून आला. खाली रीतसर स्वाध्याय. लेखकाचा आजोबांवर विशेष जीव होता हे कशावरून म्हणता येईल, असा त्यात एक प्रश्न आहे. गाइडांमध्ये त्याचं तयार उत्तर मिळतं.